गंगावेशीत, सातच्या सुमारास

म्हैस पान्हा चोरते आहे.
श्रीपतीचा पोरगा खाली बसलाय, गुडघ्यांत चरवी.
कासेला पाणी मारून झालं, रेडकू लावून ओढून झालं,
थोपटून झालं, शिवी घालून झाली.
ती उभी. लांब बघतेय,
रिक्षास्टॉपच्याही पलीकडं.

आम्ही आठजण पेल्यांसाठी ताटकळत.
आठ. मी मोजले.
एकतीस वर्षं केएमटीत तिकिटं फाडली,
निवृत्त होऊन चार झाली,
तरी माणसं दिसली की मोजतो.
लग्नात मोजतो. मयताला मोजतो.
मेव्हण्याला पंचगंगेवर पोचवला तेव्हा
मनातल्या मनात त्रेसष्टपर्यंत आलो आणि अडलो.
त्याला धरायचं का नाही,
ते काही ठरेना.

"सवय मोडायला एकवीस दिवस लागत्यात," रंगराव म्हणाला.
जावयानं सांगितलंय म्हणे, पुण्याच्या.
ह्याच रंगरावनं तंबाखू सोडली होती एकवीस दिवस.
बाविसाव्या दिवशी कट्ट्यावर पेढे वाटले,
पेढ्याचा हात धोतराला पुसला
आणि चुना मागितला.

दस्तगीर उद्यमनगरात वेल्डिंग करतो.
डोळे कायम लाल, बोलणं कमी.
म्हणाला, "मोडली म्हणजे काय ओ?
जोड दिला की मोडलेलं डबल पक्कं हुतंय.
परत ताण आला तर
जोड नाही तुटत,
शेजारचा पत्रा फाटतोय."
रंगरावला हे पटलं का कळलं, माहीत नाही.
त्यानं चिमूट दाढेखाली सरकवली.

मी गप्प होतो. मला आपलं वेगळंच.
सवय लागते म्हणतात.
भूक लागते, ठेच लागते, नजर लागते,
उन्हाळ्यात ऊस पेटला तर वणवा लागावा तसं फडच्या फड लागतं,
आणि एखाद्या पोराचा लळाही लागतोच.
ह्यातलं कुठलं लागणं हे?
आमच्या हिनं, अक्काताईनं, लग्नाच्या बत्तिसाव्या वर्षी
लसूण सोलता सोलता सांगितलं,
"मला आता तुमची सवय झालीया."
मी पेपरात तोंड घातलं.
तक्रार होती का कौतुक, विचारायचं राहिलं.
आता विचारलं तर म्हणेल,
मी कधी म्हटलं असं?

पोरगा उठला.
सायकलीच्या हँडलला पिशवी होती, तिच्यातनं
श्रीपतीचा चौकड्यांचा शर्ट काढला.
श्रीपती अकरा दिवस झाले, सीपीआरला आहे,
नळ्या लावून.
शर्ट धुतलेला नव्हता. धुवायचा नसतोच अशावेळी,
हे त्या पोराला कुणी सांगितलं असेल?
अंगात घातला तर खांदे कोपरापर्यंत उतरले.
बाह्या दुमडल्या. खाली बसला.
जिभेनं टाळूला लावून एक आवाज केला,
च्यॅक च्यॅक,
बापासारखा नाही जमला,
दुसऱ्यांदाही नाही.

म्हशीचा एक कान मागं वळला.
मग दुसरा.

पहिली धार चरवीच्या बुडाला लागली तो आवाज
आम्ही आठही जणांनी ऐकला.
रंगराव थुंकायचा थांबला.
तिला काय फसवलं म्हणायचं का आता?
का तिला सगळं ठाऊक होतं,
आणि तरी सोडलं दूध,
आपण नाही का, ओळखीच्या वळणावर
झोपेतसुद्धा बरोबर तोल सावरतो.

पेला माझ्या हातात आला, कोमट, वर बोटभर फेस.
पोरानं उठून हात पुसले
शर्टाच्या डाव्या बाजूला, बरगडीच्या खाली,
जिथं कापड आधीच विरून पिवळं पडलेलं होतं.
बघून नाही पुसले.
त्याला आणखी पाच गिऱ्हाईकं उरकायची होती.

मी पैसे दिले.
सुट्टे होते माझ्याकडं.
कायम असतात.